विद्वानांशी संवाद : एका दुर्लक्षित समीक्षाप्रकाराचा विचार

जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या भेटीस आला तेव्हा त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले. नारळ बाराच का, अशी पृच्छा झाली असता आपण बारा भाषांत काव्यरचना करू शकतो म्हणून, असे त्याने सांगितले. मग दरबारातील मंडळींनी समस्या घालाव्यात आणि कवीने त्या पूर्ण कराव्यात, असा क्रम सुरू झाला. 'राधामाधवविलासचंपू' या जयरामाच्या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२२ साली तो ग्रंथ दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हापासून अभ्यासकांनी त्याचा उपयोग मुख्यतः शहाजीच्या चरित्राचे एक साधन म्हणून केला आहे, आणि ते योग्यच झाले. प्रस्तुत लेखकाचे लक्ष मात्र त्यातील एका निराळ्याच गोष्टीकडे वेधले गेले. ती गोष्ट म्हणजे विद्वानाला प्रश्न विचारण्याची रीत.

हे लक्ष वेधले जाण्यास थोडेसे स्थलमाहात्म्यही कारणीभूत आहे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम या भागात आहे. विजापूरच्या सैन्याने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली १६३८ साली बंगळूर घेतले आणि ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे आणि कोलार ही त्याच जहागिरीतील ठिकाणे. बंगळुराहून होसकोट्याकडे जाणारा जुना मद्रास रस्ता आमच्या के. आर. पुरमवरूनच जातो. आज त्या रस्त्यावर रेल्वेचा झुलता पूल आहे, मेट्रोचे स्थानक आहे आणि कोणत्याही प्रहरी न आटणारी वाहनांची गर्दी आहे. शहाजीची आठवण देणारे तेथे काहीही नाही, आणि ती तेथे असावी असा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

आमच्या शेजारी बेळगावकडील एक तरुण राहतो. रोज के. आर. पुरमहून मॅजेस्टिकपर्यंत मेट्रोने जाताना तो कानाला यंत्र लावून विद्वानांचे ध्वनिमुद्रित संवाद ऐकत असतो. आज मोगल दरबारातील भाषांतरांवरील ग्रंथ, उद्या बसवेश्वरांच्या वचनांवरील ग्रंथ, परवा राष्ट्रवादाच्या कल्पनेचा इतिहास. संवाद बहुधा इंग्रजीत, क्वचित कानडीत, मराठीत फारच थोडे. एके दिवशी त्याने अगदी सरळपणे विचारले, "काका, ग्रंथकर्त्यानेच तासभर सगळे समजावून सांगितले, आता पुस्तक वाचायचे राहिले तरी चालेल ना?" त्यास मी तेव्हा काहीतरी उपदेशपर उत्तर दिले. ते उत्तर मला स्वतःलाच पटले नाही, म्हणून हा लेख.

प्रश्न असा आहे की, इतिहास किंवा विचार या विषयांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाशी त्या ग्रंथाविषयी केलेला संवाद हा स्वतंत्र मोलाचा वाङ्मयप्रकार आहे काय? की तो केवळ ग्रंथाची जाहिरात, अथवा आळशी वाचकासाठी काढलेला सारांश? परीक्षण, प्रस्तावना, रसग्रहण यांची चर्चा आपल्या समीक्षेने भरपूर केली. मुलाखतीकडे मात्र तिने पत्रकारितेची एक सोय म्हणूनच पाहिले. वस्तुतः आपल्या परंपरेत या प्रकाराचा विचार करण्याची साधने बरीच आहेत, आणि ती पाश्चात्यांकडून उसनी आणण्याची गरज नाही.

न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे शास्त्रचर्चेचे, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्याच्या इच्छेने प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. जय मिळविण्यासाठी छलादी साधने वापरून केला जातो तो जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन केले जाते ती वितंडा. मराठी भाषेची एक गंमत अशी की, तिने 'वाद' या शब्दाला भांडणाचा अर्थ दिला आणि 'जल्प' हा शब्द जवळजवळ विसरून टाकला. तेव्हा आपण ज्याला वाद म्हणतो तो शास्त्रकारांच्या दृष्टीने बहुधा जल्पच असतो.

या तिघांशेजारी दरबारी समस्यापूर्तीचा चौथा प्रकार ठेवून पाहावा. समस्या घालणारा श्लोकाचा शेवटचा चरण आधीच देतो आणि कवीने त्या चरणापर्यंत येऊन पोहोचावयाचे असते. त्यात कवीचे चातुर्य दिसते, सभेची करमणूक होते, प्रश्नकर्त्याचाही मान राहतो. परंतु शेवट ठरलेला असल्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला नवे असे काहीच कळत नाही. आज ग्रंथकारांशी होणारे बहुतेक संवाद या चौथ्या प्रकारचे असतात, असे माझे मत आहे. "आपण या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की..." अशी प्रश्नाची सुरुवात होते, ग्रंथाच्या उपसंहारातील वाक्य चरणासारखे समोर ठेवले जाते आणि ग्रंथकार ते पूर्ण करतो. जयरामाने निदान भाषा बदलून दाखविली होती.

याउलट संवादाने ज्ञान कसे सिद्ध होते, याचे उदाहरण मराठी गद्याच्या आरंभीच उभे आहे. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा जमविल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. सांगणाऱ्यांत फरक पडला तेथे 'लीळाचरित्रा'त पाठभेद नोंदले गेले. कोणाचे म्हणणे काय, हे पुसून टाकून एकच गुळगुळीत कथा रचण्याचा मोह या परंपरेने आवरला, ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढे केशोबासांनी स्वामींची वचने प्रसंगांपासून वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. सूत्र हाती आले, पण ते कोणास, कोठे, कशाच्या निमित्ताने बोलले गेले हे सुटले. म्हणून महानुभावांना 'प्रकरणवशा'ची गरज भासली, ज्यात त्या त्या सूत्रामागचा प्रसंग सांगितला जातो.

विद्वानाचा ग्रंथ हा बऱ्याच अंशी सूत्रपाठ असतो. त्यात निष्कर्ष असतात, तळटीपा असतात, परंतु ग्रंथकाराला हा प्रश्न कोणत्या गावी पडला, कोणता कागद हाती न लागल्यामुळे एखादे प्रकरण आखूड राहिले, कोणाच्या आक्षेपामुळे मत बदलले, हे त्यात क्वचितच असते. चांगल्या संवादाने त्या ग्रंथाचे प्रकरणवश तयार करावे. सूत्रे पुन्हा पाठ म्हणून दाखविणे हे त्याचे काम नव्हे.

या कसोटीवर मराठीतील एका सुप्रसिद्ध पुस्तकाकडे पाहू. प्रतिभा रानडे यांचे 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' हे पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. दुर्गा भागवत (१९१०-२००२) यांच्यासारख्या विदुषीशी बोलावयाचे म्हणजे लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, महाभारत, थोरो, स्वयंपाक आणि आणीबाणी अशा सर्व प्रांतांत फिरण्याची तयारी हवी. दुर्गाबाईंचे लेखन पाहता 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिणारी शास्त्रीय दृष्टीची अभ्यासक आणि 'ऋतुचक्र' लिहिणारी रसिक निरीक्षक एकाच वर्षी, १९५६ साली, वाचकांपुढे आलेली दिसते. या दोघी एकच कशा, हे त्या दोन ग्रंथांतून कळत नाही. ते कळते बोलण्यातून. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करीत असता विषबाधा होऊन त्यांना कित्येक वर्षे अंथरुणावर काढावी लागली आणि विद्यापीठीय पदवीचा मार्ग खुंटला, ही हकीकत चरित्रकोशात दोन ओळींत मावते. पण ज्या निसर्गाने शरीर मोडले त्याच निसर्गाविषयी पुढे इतक्या तृप्तपणे लिहिणारी व्यक्ती स्वतःच्या आवाजात बोलू लागली म्हणजे त्या दोन ओळींचे वजन बदलते.

पुस्तकाच्या नावातही एक खूण आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेला व पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेला दुर्गाबाईंचा लेखसंग्रह 'पैस'. नेवाशाचा, ज्ञानेश्वरांच्या स्मृतीशी जोडलेला खांब हा 'पैसाचा खांब' म्हणून ओळखला जातो. 'पैस' म्हणजे विस्तार, अवकाश. रानडे यांनी 'मुलाखत' हा अधिकृत वासाचा शब्द टाळून 'ऐसपैस गप्पा' म्हटले, यात पसरून बसण्याची मोकळीक आहे आणि त्या ग्रंथाची छायाही आहे. 'अफगाण डायरी' लिहिणाऱ्या रानडे यांना परक्या मुलखात राहून पाहण्या-ऐकण्याचा स्वतःचा अनुभव होता, त्यामुळे त्या नुसत्या लेखनिक होऊन बसत नाहीत.

तथापि गप्पांची एक किंमत असते आणि ती येथेही मोजावी लागते. गप्पांत स्मरण हेच प्रमाण होते. ऐंशी ओलांडलेल्या विदुषीचा स्वभाव, आवडनिवड आणि तीव्र मते यांचा लाभ वाचकास होतो, परंतु 'व्यासपर्वा'तील (१९६२) एखादे विधान पुढे करून "हे महाभारतातील कोणत्या स्थळावरून आपण म्हणता आणि त्याला बाधक स्थळ असेल तर त्याचे काय?" असे अडविणे या प्रकारात बसत नाही. प्रश्नकर्त्याचा आदर हा तेथे प्रश्नापेक्षा मोठा असतो. हा दोष रानडे यांचा नव्हे. गप्पा या प्रकाराची ती मर्यादाच आहे. दुर्गाबाईंसारख्या कणखर व्यक्तीशी शास्त्रार्थानेही एखादे पुस्तक व्हावयास हवे होते, अशी हळहळ मात्र राहते. त्यांनी ते नक्कीच पेलले असते.

शास्त्रार्थ असा दीर्घकाळ कसा चालू शकतो, हे गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५-१९५९) आणि यदुनाथ सरकार (१८७०-१९५८) यांच्या पत्रव्यवहारात दिसते. एक मराठी, एक बंगाली. एक मराठी दप्तरांत मुरलेला, दुसरा फारसी साधनांवाचून पाऊल न टाकणारा. सुमारे अर्धशतक ते एकमेकांना इंग्रजीत लिहीत राहिले, ऐतिहासिक स्थळे पाहण्यास बरोबर हिंडले, एकमेकांच्या ग्रंथांतील चुका दाखवीत राहिले आणि मैत्री तुटली नाही. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले, त्यामागे या संवादाचे किती पाठबळ होते, हे त्यांची पत्रे वाचणाऱ्यास कळते. त्याच काळी यदुनाथ आणि पुण्यातील काही संशोधक यांच्यात असा संवाद जुळला नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांतून निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा व्हावी आणि ते इतिवृत्तांत छापावेत, ही उत्तम प्रथा मराठी संशोधकांनीच पाडलेली, आणि तरीही ज्याच्याशी मतभेद मोठा त्याच्याशी बोलणे त्यांना जड गेले. जल्प मात्र चालू राहिला.

पत्राने ग्रंथाच्या आधीच संवाद होऊ शकतो, याचेही उदाहरण मराठीत आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'च्या आरंभी नरहर कुरुंदकर यांचे दीर्घ पत्र छापले आहे. कादंबरी हा ललित प्रकार, त्यामुळे त्याचा येथे विस्तार करीत नाही. पण शिवाजीसारख्या पुरुषाचे चित्र रेखाटू पाहणाऱ्या लेखकाला पुराव्याचे, परंपरेचे आणि मूल्यमापनाचे प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारे दुसरे लेखन मराठीत शोधावे लागेल. कित्येक वाचकांनी कादंबरी बाजूस ठेवून ते पत्रच पुनःपुन्हा वाचले आहे, हे मी स्वतः पाहिले आहे.

येथे प्रश्न केवळ वाङ्मयप्रकाराचा राहत नाही. जेम्स लेन यांचा शिवाजीविषयक इंग्रजी ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका विधानाने लोकांची मने दुखावली गेली, आणि ते विधान ज्या तऱ्हेने ग्रंथात आले ती तऱ्हा विद्वत्तेस शोभणारी नव्हती, असे म्हणण्यास भरपूर जागा आहे. ऐकीव कुचेष्टा कोणाची, कोठली, कोणत्या काळची, हे न सांगता ती छापणे म्हणजे म्हाइंभटाने सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेली शिस्त मोडणे होय. परंतु ते लेखकाला विचारावयाचे होते. विचारले गेले नाही. ऋणनिर्देशात नाव आले म्हणून पुण्यातील एका संस्कृत पंडिताच्या तोंडास काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. हल्ला करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो ग्रंथ वाचला होता, हे विचारण्यात अर्थ नाही. पण आपण लिहिणारे आणि शिकविणारे, आपल्यांपैकी कितीजणांनी तो वाचून लेखकास लेखी प्रश्न केले होते? पुढे २०१५ च्या फेब्रुवारीत 'शिवाजी कोण होता?' या पुस्तकाचे लेखक गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते वाचले नाहीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कानडीतील थोर शिलालेखज्ञ आणि संशोधक एम. एम. कलबुर्गी यांना धारवाडात त्यांच्या घराच्या दारात ठार मारण्यात आले. कलबुर्गींची मते पटत नसतील तर दार ठोठावून आत बसून विचारण्याची सोय त्या घरी होती.

या पार्श्वभूमीवर विद्वानाशी सावकाश बोलणे ही चैन आहे, असे मला वाटेनासे झाले आहे. पण ते बोलणे करणाऱ्याच्या अंगी काय असावे लागते, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमात एका वयोवृद्ध शिलालेखज्ञांशी त्यांच्या ग्रंथाविषयी बोलण्याचे काम मजकडे आले. मी प्रस्तावना वाचली होती, उपसंहार वाचला होता आणि मधल्या चारशे पानांवरून नजर फिरविली होती. प्रश्न घोटीव होते. उत्तरेही घोटीव आली. सभा प्रसन्न झाली. नंतर चहा घेताना ते गृहस्थ अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तिसऱ्या प्रकरणातली एक तळटीप आपण पाहिली असेल. तिथं मी माझं वीस वर्षांपूर्वीचं वाचन मागं घेतलंय. दगडावरचं एक अक्षर मला तेव्हा नीट दिसलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आज कुणीतरी ते विचारील." मी ती तळटीप पाहिली नव्हती. त्या एका अक्षरावर ग्रंथातील निम्मे विवेचन फिरले होते, हे घरी आल्यावर कळले. ध्वनिमुद्रण आजही कोठेतरी ऐकावयास मिळते म्हणतात. ते ऐकणारे मला अभ्यासू समजत असतील.

तेव्हापासून मी संवाद ऐकताना एकच गोष्ट पाहतो. ग्रंथकार कोठे अडखळतो काय? अडखळत नसेल तर बहुधा प्रश्नकर्ता ग्रंथाच्या आतपर्यंत गेलेला नसतो. रा. चिं. ढेरे (१९३०-२०१६) यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाचे उदाहरण घ्या. पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा, दक्षिणेकडील पशुपालांचा देव आणि त्याचे पुढे वैष्णवीकरण झाले, हा त्यातील सिद्धान्त आता सर्वांना तोंडपाठ आहे. "विठ्ठल मूळचा कोणाचा?" असा प्रश्न ढेऱ्यांना विचारणे म्हणजे समस्येचा चरण पुढे करणे. पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल आणि बिरोबा यांची जोडी दिसते. ही आज दिसणारी जोडी प्राचीन स्थितीचा अवशेष आहे, की पंढरीचे माहात्म्य वाढल्यावर धनगरांनी विठ्ठलास आपल्या दैवताशेजारी आणून बसविले? हा प्रश्न त्यांना अडवू शकला असता, आणि त्या उत्तरात त्यांची सारी पद्धती उघड झाली असती. माढे येथील मूर्तीविषयीचे त्यांचे मत वादग्रस्त ठरले, त्यावर गदारोळही झाला, पण त्या गदारोळात प्रमाणविचार किती झाला याचा शोध घेतला तर हाती फारसे लागत नाही. माझ्या मते त्या ग्रंथाशी सर्वांत कसून संवाद केला तो ॲन फेल्डहाउस यांनी. २०११ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे इंग्रजी भाषांतर ग्रंथकार हयात असताना झाले. भाषांतर करणाऱ्यास वाक्य टाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक 'म्हणून' आणि 'अर्थात' यांपाशी थांबून त्या दोहोंत खरोखर कार्यकारणभाव आहे की नाही हे ठरवावे लागते. मुलाखतकारालाही तेवढीच सक्ती असती तर!

कानडी आणि मराठी यांच्या सीमेवर तर या प्रकाराला मोठेच काम आहे. शं. बा. जोशी हे कानडीतील अग्रगण्य संस्कृतिसंशोधक. त्यांच्या कानडी ग्रंथास १९७० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी 'मऱ्हाटी संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहून दोन्ही समाजांच्या सामाइक मुळांचा शोध घेतला. त्यांची व्युत्पत्ती पुष्कळदा धाडसी असते, राजवाड्यांची आठवण व्हावी इतकी. पण त्या ग्रंथावर मराठी पंडितांनी त्यांच्याशी समोरासमोर बसून वाद, शास्त्रकारांच्या अर्थाचा वाद, घातला असता तर दोन्ही बाजूंना लाभ झाला असता. आपण सीमेविषयी पुष्कळ बोललो, सीमेवर बसून ग्रंथ लिहिणाऱ्याशी बोललो नाही. भोसले कुळाचा संबंध होयसळांच्या कर्नाटकाशी जोडणारे विवेचन ढेऱ्यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील ग्रंथात केले, त्याचीही चर्चा बंगळूरला कानडी इतिहासज्ञांबरोबर व्हावयास हवी होती.

शेजारच्या तरुणास मी अखेर राजवाड्यांची चंपूची प्रत वाचावयास दिली. प्रस्तावना मोठी आहे, ठिकठिकाणी अनुमानाची उडी पुराव्यापेक्षा लांब आहे, याची कल्पना त्यास दिली होती. पंधरा दिवसांनी तो आला तो प्रश्न घेऊनच. राजवाड्यांनी शहाजीविषयी जे म्हटले आहे त्यातले जयरामाच्या शब्दांत किती आहे आणि राजवाड्यांच्या मनातले किती? कवीने धन्याची स्तुती करावयाचीच, मग दरबाराचे वर्णन खरे मानावयाचे ते कोणत्या मर्यादेपर्यंत? आणि बारा भाषांत कानडी आहे, तर ती कानडी बंगळूरच्या माणसाला आज कानडी म्हणून कळेल काय? तिसऱ्या प्रश्नासाठी त्याने कचेरीतील एका कानडी मित्रास ती पदे मोठ्याने वाचून दाखविली होती. काही शब्दांशी मित्र थांबला होता, आणि त्या ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. आम्ही दोघे त्या रात्री त्या खुणा घेऊन बसलो. पहिल्या दोन प्रश्नांना मजजवळ अर्धवट उत्तरे होती, तिसऱ्याला मुळीच नव्हते. येत्या रविवारी तो मित्रही येणार आहे.